सहावा बार

माझ्या कपाटावर पिवळ्या कागदांचा एक गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला आहे. ते माझं पत्रक. मीच लिहिलं, मीच टाइप केलं, धुळ्यात छापून घेतलं आणि वाटलं मात्र नाही. मथळा आहे, 'पाणीयोजनेचा फुसका बार!' उद्गारचिन्ह एकच आहे, कारण एका पत्रकात एकच उद्गारचिन्ह, हा वडिलांचा नियम.

वडील छापखान्यात कामाला. आधी खिळे जुळवायचे, पुढे संगणकावर बसले. दिवसा लग्नपत्रिका आणि बिलबुकं, संध्याकाळी चळवळीची पत्रकं. चुकलेली, शाई फाकलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचे. पाढे संपले की कागद उलटून वाचायचे. रेशन, धरण, एसटीचे पास, शाळेची गळकी छपरं. त्यामुळे 'ठिणगी', 'उद्रेक', 'स्फोट' हे शब्द मला फार लवकर वाचता यायला लागले. चौथीत 'माझी शाळा' या निबंधात मी लिहिलं होतं की शाळेच्या नळाला लवकर पाणी न आल्यास असंतोषाचा स्फोट होईल. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी वही शांतपणे वाचली आणि बाईंना विचारलं, "नळाला पाणी येतं का?"

घरी आल्यावर मात्र मला समोर बसवलं. "नळ तू स्वतः सोडून पाहिला होता ना?"

"हो."

"मग ठीक. हात लावून दाखवता येईल तेच लिहायचं."

हा त्यांचा दुसरा नियम. मोडला तो मी पुढे, पंचविशीत, त्या पिवळ्या पत्रकात.

'बार' हा शब्द पत्रकांतून आलेला नव्हता. तो आईच्या माहेरचा, दोंडाईच्याकडच्या एका गावातला. माझे मामा विहिरी खोदतात. त्यांच्याकडे कंप्रेसरचा ट्रॅक्टर आहे, दगड वर ओढायची यारी आहे आणि चार माणसं आहेत. आमच्याकडे दोन-तीन पुरुष, म्हणजे दोन-तीन माणसांच्या उंचीइतकं, खाली गेलं की काळा फत्तर लागतो. तिथे कुदळ चालत नाही. खडकाला भोकं पाडायची, दारू भरायची, वात लावायची आणि लांब पळायचं. तो झाला बार. दुपारी जेवून मामा तळहातावर तंबाखू मळून ओठाखाली सारायचे, तोही बारच. दिवाळीत आम्ही भिंतीवर मारायचो ते आपटबार. आणि घरात मुलगी पंचविशीला आली की सगळ्या मावश्या विचारतात, "तुना बार कवय उडाडाना शे?" म्हणजे तुझं लग्न कधी उरकायचं आहे. मला लग्नाचा राग नव्हता, त्या क्रियापदाचा होता. माणसाचं लग्न उडवून देतात कसं?

जळगावला कॉलेजात असताना माझी खोलीतली मैत्रीण फैजपूरची होती, केळीच्या मळ्यातली. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझे मामा काय करतात?"

"बार उडवतात," मी म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हायवेवर आहे का त्यांचा?"

तिच्याकडची माती इतकी खोल की तिने जन्मात सुरुंगाचा आवाज ऐकला नव्हता. वर्षभर तिने मला त्यावरून छळलं. मी फोनवर मामांशी बोलत असले की ती मागून विचारायची, "आज गिऱ्हाईक किती होतं?"

तर ते पत्रक. मामांच्या गावाला पिण्याच्या पाण्याची योजना आली, पाइपांचे ढीग येऊन पडले, टाकी उभी राहिली आणि टाकीत पाणी यायची जी विहीर, ती दोन उन्हाळे खोदलीच जात होती. आजीच्या घरासमोरच्या नळावर चिमणीने घरटं केलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि पेटले. गावात जाऊन चार बायकांशी बोलले. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसून नोंदी काढल्या. लिहिताना हात थांबत नव्हता. योजना म्हणजे दिवाळीतला ओला फटाका, असं लिहिलं. वात पेटते, सगळे कानावर हात ठेवतात आणि शेवटी फुस्स. गावाने किती दिवस कानावर हात ठेवून उभं राहायचं? हे वाक्य मला फार आवडलं होतं. अजूनही वाईट वाटत नाही. फक्त ती विहीर मी पाहिली नव्हती. विहिरीचं काम मामांकडे आहे हे मला माहीत होतं आणि मामा मला अडवतील असंही वाटत होतं. म्हणून मी तिकडे फिरकलेच नाही.

वाटायचा दिवसही मीच ठरवला. त्याच गावात आईच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सगळं गाव एका मांडवात सापडणार. पंगत बसली की पत्रावळीबरोबर पत्रक. आई आदल्या दिवशीच गेली होती. मी लग्नाच्या सकाळी धुळ्याहून एसटीने निघाले. अंगावर नवा ड्रेस, खांद्यावर पिशवी, पिशवीत गठ्ठा.

उतरले तर फाट्यावर मामा मोटारसायकल घेऊन उभे. मांडवात जायचे कपडे नव्हते त्यांच्या अंगावर, कामाचे होते. डिक्कीत ठेवायला म्हणून त्यांनी माझी पिशवी घेतली आणि वरचा कागद त्यांच्या हातात आला. मामा सातवी शिकलेले आहेत आणि एकेक शब्द ओठ हलवून वाचतात. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मी फाट्यावरच्या एसटीच्या पाटीकडे बघत राहिले.

"हाई तूच लिखेल शे का?"

"हो."

"इहीर दखेल शे का तू?"

"नाही."

"मंग लिखं कसं?" आणि मग, हसतही नाही, चिडतही नाही अशा आवाजात, "तुना बापना नियम बदली गया का?"

हे लागलं. मी म्हणाले, "दोन वर्षं पाणी नाही मामा. ते खरं आहे ना?"

"ते खरं शे," मामा म्हणाले. "बस मांगे. लगीन साडेबाराना शे. म्हणजे दोननी आत काई लागत नही."

विहीर गावापासून नाल्यापलीकडे, बरडाच्या, म्हणजे उघड्या खडकाळ टेकाडाच्या, पायथ्याशी होती. मी वाकून पाहिलं. गोल, सरळ कापलेली, खाली खाली जाणारी. भिंतींवर भोकांच्या उभ्या रेषा होत्या, एकीखाली एक, जणू कुणी वर्षभर रोज एक रेघ ओढली आहे. तळाशी काळा फत्तर उन्हात चमकत होता. तळ इतका लहान दिसत होता की तिथे माणूस काम करतो हे पटेना. मामांनी मला काही समजावलं नाही. एकेका थराकडे बोट करून दोन शब्द सांगितले, एवढंच. एका थराला किती दिवस लागतात, ते मी भिंतीवरच्या रेषांवरून मोजू शकत होते. मध्येच कंप्रेसर बिघडला तो थर, पावसाने सगळं बुडवलं तो थर, दारूचा परवाना अडकून काम बंद राहिलं तो थर. फुसकं तिथे काहीच नव्हतं.

त्या दिवशी सहा भोकं तयार होती.

"आज लग्नाच्या दिवशी कशाला?" मी विचारलं.

"आजच. बठ्ठं गाव मांडोमा शे. शिवारमा एक ढोर नही, एक माणूस नही. असा दिन परत येत नही." ते घड्याळ बघून म्हणाले, "साडेबाराना मुहूर्त शे. दोन वाजता टायी लागी जाई, फटाका फुटी जातीन, लोके जेवाले बसतीन. अडीचले आपला बार."

टायी म्हणजे टाळी, लग्न लागल्याची. त्यांनी हिशेब बरोबर केला होता. लग्नाच्या उशिराचाही केला होता. कमी पडला तो नवरदेवाच्या मित्रांचा नाच.

यारीवर एक म्हातारे गृहस्थ असतात. सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही. आयुष्यभर बार ऐकून नानांचे कान जवळपास गेले आहेत. तरी बार मोजायचं काम त्यांचंच. वाती लहानमोठ्या कापलेल्या असतात, त्यामुळे बार एकामागून एक उडतात. नाना जितकी भोकं तितके खडे डाव्या मुठीत धरतात आणि प्रत्येक बाराला एक खडा खाली टाकतात. मूठ रिकामी झाली की धूर जाईपर्यंत थांबायचं आणि मग माणूस उतरतो. मुठीत एक जरी खडा राहिला तरी त्या दिवशी विहिरीत कुणी पाय ठेवायचा नाही. उतरणारा पहिला माणूस मामा. हा त्यांचा नियम. मजुराला ते कधी पहिल्यांदा उतरवत नाहीत.

"आज हाई मोजी," मामा नानांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "हाईले फुसका बार काय ऱ्हास ते दखू द्या."

नानांनी माझ्या तळहातावर सहा खडे ठेवले आणि माझी मूठ मिटली. मग माझ्या पायांकडे बोट करून म्हणाले, "चप्पल काढ. बार कानमा नही मोजाना, बाई. पायमा मोजाना."

मी चप्पल काढली. जमीन तापलेली होती. मला ते म्हाताऱ्याचं कौतुकाचं बोलणं वाटलं, लिहून ठेवण्यासारखं. अर्थाकडे माझं लक्ष नव्हतं.

वाती पेटवायला मामा यारीच्या दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून खाली गेले. आम्ही वरून फक्त त्यांचं डोकं बघत होतो. दोर हलला, नानांनी यारी फिरवली, मामा वर आले ते पळतच. बाकीच्यांनी चारी दिशांना ओरडून सांगितलं, "बार शे, बार शे." आम्ही ट्रॉलीच्या आड गेलो. नाना ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसले, आज त्यांना सुट्टी होती. तेवढ्यात गाडीवाटेने एक मोटारसायकल येताना दिसली, मागे बाई, मांडीवर आहेराचं भांडं. मामा हात हलवत तिकडे धावले. म्हणजे बार उडाले तेव्हा ते दूर, चालू इंजिनाजवळ उभे होते. मोजणारी मी एकटीच.

पहिला बार उडाला. मी लहानपणापासून तो आवाज ऐकत होते, पण घरातून, लांबून. इथे तो आधी पायातून आला. पोटऱ्यांतून वर चढला आणि मग कानात. खडा टाकला. दुसरा. तिसरा. मध्ये थोडा श्वास घेण्याइतका वेळ. चौथा, पाचवा. दगडाचे तुकडे वर उडून परत विहिरीतच पडल्याचा आवाज. मग जरा लांबलेली शांतता. मी मुठीतला शेवटचा खडा अंगठ्याने चाचपत होते. सहावा ऐकू आला. जरा पोकळ वाटला. बरडावरून प्रतिध्वनी येतो हे मला माहीत होतं. खडा टाकला.

"किती उडनात?" मामांनी लांबूनच हाक मारली.

"सहा," मी ओरडले. "बठ्ठा उडनात." अहिराणीत ओरडले, याचा मला आनंदही झाला.

मोटारसायकलवालं जोडपं गेलं. धूर निघत होता, तिखट, डोक्यात चढणारा. मामा येऊन ट्रॉलीला टेकले, तंबाखू मळायला लागले. "लेखिकाबाई, आते लिखी टाक," म्हणाले. "एक बी फुसका नही." मी हसले. मनात नवं पत्रक जुळवायला लागले होते. नाल्यापलीकडून बँड ऐकू येत होता, तेच एक गाणं, मोठ्याने.

धूर विरळ झाला. मामांनी पाळण्याचा दोर ओढून पाहिला आणि एक पाय आत ठेवला.

मला तेव्हा बँड खटकला. आम्ही आलो तेव्हापासून तो वाजत होता. मामा खाली उतरले तेव्हाही. मग मधे तो बंद झाला होता, कारण बार मोजताना मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, विहीर आणि माझा श्वास एवढंच. आणि सहाव्या बारानंतर तो एकदम सुरू झाला होता. आमच्याकडे बँड एकाच वेळी थांबतो, मंगलाष्टकांना. आणि एकाच वेळी असा तुटून पडतो, टाळी लागल्यावर. टाळी लागली की वधू-वरांवर अक्षता पडतात आणि मांडवाबाहेर कुणीतरी फटाका लावतो.

मी पायांकडे पाहिलं. पहिले पाच मला पोटऱ्यांत आठवत होते. सहावा आठवत नव्हता. तो फक्त कानात होता.

हे सगळं लिहायला वेळ लागतो, तितका वेळ तेव्हा लागला नाही. पण एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. तोंड उघडायच्या आधी मी थांबले. मी 'सहा' म्हणाले होते, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी शहरातून आलेली, पत्रक लिहिणारी भाची, आणि मला सहापर्यंत मोजता येत नाही असं मलाच सांगायचं होतं. शिवाय मी आता चुकत असले तर? उगाच काम खोळंबेल, आणि उशिराबद्दल बोंब मारणारी मीच. मामांनी दुसरा पाय उचलला.

"मामा, थांबा. सहावा आपला नव्हता."

"काय जयं व बाई?"

"सहावा बार लग्नाचा होता."

मागचा एक गडी हसला. शब्दच तसा होता. लग्नाचा बार. मामा हसले नाहीत. एक पाय पाळण्यात, एक पाय काठावर, तसेच माझ्याकडे बघत राहिले.

"खात्री शे का तुले?"

"नाही," मी म्हणाले. "खात्री नाही."

"मंग आते उतरानं नही," असं म्हणून त्यांनी पाय बाहेर काढला.

एवढंच. 'तुझी खात्री नाही तर मी का थांबू' असं ते म्हणाले नाहीत. माझ्या जगात खात्री नसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, जो ठासून बोलतो त्याचं चालतं. इथे 'नाही' या एका शब्दावर पाच माणसांचं काम थांबलं.  मी खाली बसले.

नाना सीटवरून उतरून आले. काय झालं ते त्यांना खुणांनी सांगितलं. त्यांनी माझ्या पायांपुढे पडलेल्या सहा खड्यांतला एक उचलला, फुंकून माझ्या हातात दिला आणि मूठ मिटली. रागावले नाहीत. स्वतःच्या कपाळावर हात मारून ट्रॅक्टरच्या टायरांना लाथ मारली. सीटवर बसल्यामुळे त्यांच्याही पायांना काही कळलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं होतं.

मामांनी मला फोन लावायला सांगितला. आईने उचलला. मागे बँड इतका की दोघींना ओरडावं लागत होतं.

"तू कथी शे? टायी लागी गयी, तू येस का नही?"

"आई, टाळी कधी लागली?"

"आतेच. पाच-दहा मिनिट जयात. नवरदेवना दोस्ते नाचतच व्हतात, साडेबाराना मुहूर्त अडीचवर लई गयात."

"फटाके फुटले का?"

"तुले फटाकानं काय पडेल शे?"

"आई, सांग ना. किती फुटले?"

"एकच फुटना," आई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "मोठी माळ आणेल व्हती, बठ्ठी ओली. एक बार जया आनि मंग नुसता धूर. फुसका निंघना. सारा मांडो हसी राह्यना."

मी फोन मामांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि बंद केला. पाच अधिक एक. विहिरीच्या तळाशी, दगडात, भरलेलं एक भोक शिल्लक होतं.

मग मामा माझ्याशी त्या दिवसातलं सर्वात लांब वाक्य बोलले. ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले, त्या माणसाला उडालेल्या बाराने कधी काही केलं नाही. न उडालेल्याने नेलं. घाईत, दुपारी, असंच सगळं संपलं असं वाटल्यावर. "गावले फुसका बार म्हणजे हसाना ऱ्हास," मामा म्हणाले. "आम्हले फुसका बार म्हणजे घर आठवस."

पाळणा वर घेऊन बांधला. काठावर लाल फडकं लावलं, वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. एक गडी पहाऱ्याला बसला, त्याचं जेवण मांडवातून पाठवायचं ठरलं. तहसीलच्या कागदावर ज्याचं नाव परवानाधारक म्हणून आहे, त्या दोंडाईच्याच्या माणसाला मामांनी फोन केला. तो उद्या सकाळी येतो म्हणाला. तोवर काही करायचं नाही, हेच काम.

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसत होती. मामा मातीने आणि धुराने माखलेले, मी धुळीने. आईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तिला काहीतरी कळलं. ती भावाच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या पत्रावळीवर स्वतःच्या हाताने बट्टी कुस्करायला लागली, लहान मुलाला कुस्करून देतात तशी. वर वरण, वर तूप. मामा म्हणाले, "व बैन, मना हात शेतीन अजून." आई म्हणाली, "दखी राह्यनू. उगा जेव."

मी त्यांना जेवताना बघत होते. इतक्या साध्या गोष्टीकडे मी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. वांग्याची भाजी, तिचा तिखट वाफारा, मामांचं नाक पुसणं, दुसरी बट्टी नको म्हणत घेणं. भूक भयंकर होती. मी तीन बट्ट्या खाल्ल्या.

"मुठमा काय शे?" आईने विचारलं. मी डाव्या मुठीत खडा धरूनच जेवत होते.

"एक बार आहे," मी म्हणाले.

पलीकडच्या मावशीने तेवढंच ऐकलं. "हा, तुना बार कवय मंग? आते वाट दखी-दखी थकनूत आम्ही."

एरवी मी या प्रश्नावर उठून गेले असते किंवा भाषण केलं असतं. त्या दिवशी मला तो इतका निरुपद्रवी वाटला, इतका सुरक्षित, की मी हसायलाच लागले आणि थांबता येईना. मामा तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "तिना बार आम्ही मोजीसन उडाडसूत. घाई नही." मावशीला काही कळलं नाही, पण मामा तिचे मोठे भाऊ, म्हणून ती गप्प बसली.

पिशवी माझ्या पाठीशी होती. हात धुताना मामांनी तिच्याकडे बोट केलं. "वाटत नहीस का? बठ्ठं गाव शे."

"दुरुस्ती आहे," मी म्हणाले.

"पानी नही हाई खरं शे. ते काढू नको."

"ते नाही काढत."

ते मी काढलं नाही. त्या आठवड्यात नवं पत्रक छापलं. त्यात परवाना कुठे किती काळ अडकला, कंप्रेसरची मागणी कधी केली, हे सगळं भिंतीवरच्या रेषांप्रमाणे थराथराने लिहिलं, आणि मथळा दिला, 'विहीर खरी आहे, तारीख सांगा'. वडिलांनी मुद्रितं तपासली आणि विचारलं, "तुझं हक्काचं एक उद्गारचिन्ह होतं, ते कुठे गेलं?" मी म्हणाले, या वेळी नको. 'स्फोट' हा शब्दही त्यात नाही. मी तो टाकून दिलेला नाही, कधीतरी लागेल. पण लिहिताना आता मला आधी विचारावं लागतं की हा मी कुठे मोजला, कानात की पायात.

पण त्याआधी ती दुसरी सकाळ. मी आजीकडेच राहिले होते. रात्री मूठ उशीखाली ठेवून झोपले, आणि झोप लागली. परवान्याचा माणूस सकाळी सातला आला, चहा न घेता थेट विहिरीवर. त्याने आणि मामांनी वरून दुर्बिणीने तळ पाहिला, बराच वेळ कुजबुजले, मग दोघंच उतरले. ती पंधरा-वीस मिनिटं मी विहिरीकडे पाहिलं नाही, नानांच्या यारीवरच्या हातांकडे पाहत होते. ते हात हलत नव्हते. मग दोर हलला आणि ते फिरायला लागले. आधी परवान्याचा माणूस वर आला, मग मामा. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "शे. जसा भरा तसा शे. वात अर्धी जळेल शे."

परवान्याचा माणूस नवी वात घेऊन पुन्हा उतरला आणि ती पेटवून वर आला. चारी दिशांना हाका झाल्या. या वेळी नाना सीटवर चढले नाहीत. चपला काढून माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या हाताला हात लावला, खडा आहे ना हे बघायला.

बार उडाला. तो तळव्यांतून आला, पोटऱ्यांतून चढला, गुडघ्यांत थांबला आणि मग कानात पोचला. शंकेला जागाच नव्हती. मी मूठ उघडली. खडा घामाने ओला झाला होता, तळहाताला चिकटला होता, झटकावा लागला.

"किती?" मामांनी विचारलं, मुद्दाम.

"एक," मी म्हणाले.

नानांनी माझ्या ओठांकडे पाहून मान डोलावली. धूर जाईपर्यंत आम्ही थांबलो. मामा पाळण्यात बसले, दोन्ही पाय आत घेतले आणि खाली गेले. यारी थांबली. खालून दगड सरकवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग मामांचा आवाज, विहिरीतून येतो तसा गोल होऊन.

"ओल शे," ते म्हणाले. "आठे हात लावा तं ओल लागस."